पायवाटेचं खातं

धर्माबादेत सुट्टीच्या दिवशी सकाळी एखादा माणूस हातात पिशवी न घेता पायी चाललेला दिसला, तर त्याच्याबद्दल तीनच तर्क संभवतात. एक, गाडीतलं पेट्रोल संपलं. दोन, डॉक्टरांनी साखर सांगितली. तीन, घरात भांडण झालं. हा गृहस्थ केवळ चालायचं म्हणून चालत असेल, ही चौथी शक्यता आमच्या गावाने अजून विचारात घेतलेली नाही.

मी महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, असा चालतो. २०१५ साली बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळाली तेव्हापासूनचा हा नेम. चौथा शनिवार सौभाग्यवतीच्या नावे लिहून दिलेला आहे. घरापासून स्टेशनापर्यंत पोचेपर्यंत निदान चार मोटारसायकली माझ्याशेजारी येऊन थांबतात.

"बसा साहेब, सोडतो."

"अहो, कुठं सोडणार? मला कुठं जायचंच नाही."

"मग बसा की! कुठंही सोडतो."

हा लोभ काउंटरच्या अलीकडून पलीकडे असाच वाहत असता तर मी एव्हाना मॅनेजर झालो असतो. पण आज मला या लोभाविरुद्धच बोलायचं आहे. होय, विरुद्धच! गेली कित्येक वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता मात्र स्पष्ट सांगतो, की ज्या गावात पायी चालणाऱ्याची कीव केली जाते, त्या गावाच्या वाटा फार दिवस राहत नाहीत.

आधी आमची फेरी सांगतो. ती स्टेशनापासून सुरू होते आणि स्टेशनावरच संपते. मधे अर्धा दिवस जातो. धर्माबादचं स्टेशन लहान म्हणू नका. मनमाडला जाणारी मराठवाडा एक्सप्रेस इथून निघते, म्हणजे एका परीने अर्ध्या मराठवाड्याची सकाळ आम्ही सुरू करून देतो. माझ्या लहानपणी इथले रूळ मीटरगेजचे होते आणि बापू, म्हणजे माझे वडील, मला याच वाटेने फिरायला नेत. स्टेशन मागे टाकलं की मिरचीची गोदामं लागतात. धर्माबादची मिरची किती नामांकित आहे हे ज्यांना खोटं वाटत असेल, त्यांनी हंगामात तिथून एकदा नाक उघडं ठेवून जावं. पहिल्या दहा शिंका होईपर्यंत आपण कोणत्या कामाला निघालो होतो याचा विसर पडतो. वैराग्याची याहून सोपी दीक्षा नाही.

मग काळं रान. पावसाळ्यानंतर एकेका चपलेला शेर-शेर माती चिकटते आणि माणसाची उंची फुकटात वाढते. दोन शेतांमधून पायवाट गायरानाकडे चढते. तिथे बाभळी, बोरी, पळस आणि मोठमोठे गोल धोंडे. मराठवाड्याचा काळा बेसाल्ट जिल्ह्याच्या या पूर्व कडेला संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. सबंध दख्खनभर पसरलेला लाव्हा आमच्या वेशीशी येऊन दमला! गायरानाला वळसा घालून वाट ओढ्याच्या काठाने परत गावाकडे येते. गोदावरी आणखी पुढे राहते. तिच्यापर्यंत गेलं तर अर्ध्या दिवसाचा पूर्ण दिवस होतो आणि घरी मग तिसरा तर्क खरा ठरतो. त्या अंगाला बाभळीचा बंधारा. १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारं उघडी ठेवायची, हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं. आमच्याकडे नदीलासुद्धा बँकेसारखे कामाचे तास आहेत.

आता पहिला आक्षेप. "पण त्यात पाहण्यासारखं आहे काय?"

हा प्रश्न मला आमच्या शाखेत रोज विचारला जातो, पण त्याला खरी धार आणली माझ्या मेहुण्याने. तो बोरिवलीला राहतो. दिवाळीला आला, गच्चीवरून चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं सगळं सपाटच की! एकदा बोरिवलीला या. स्टेशनवर उतरायचं नि चालत जंगलात!"

गेलो. खोटं कशाला बोलू, डोळे निवले. लोकलच्या गर्दीतून अंग सोडवून बाहेर पडावं आणि पंधरा-वीस मिनिटांत राष्ट्रीय उद्यानाच्या दारात उभं राहावं, हे जगातल्या फार थोड्या महानगरांना जमलं असेल. शंभर चौरस किलोमीटरांहून मोठं रान, आत विहार आणि तुळशी हे दोन तलाव, आणि ज्याच्या भीतीने मेहुणा आवाज खाली आणून बोलत होता तो बिबट्या. कारवी नावाचं एक झुडूप तिथे आठ वर्षांनी एकदा फुलतं. २०१६ साली फुललं होतं, ते पुन्हा २०२४ साली. आमच्याकडे बढत्यांची यादी साधारण याच गतीने फुलते, त्यामुळे मला त्या झुडपाबद्दल लगेच आपुलकी वाटली.

आणि कान्हेरी! दारापासून सहा-सात किलोमीटर आत, एकाच डोंगरात शंभरावर लेणी. तिथल्या शिलालेखांत 'अक्षयनीवी' असा शब्द येतो. मुद्दल कायम ठेवायचं आणि व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय करायची. म्हणजे मुदत ठेवच! मी त्या दगडापुढे हात जोडून उभा राहिलो. मेहुण्याला वाटलं, दाजींना भक्तीचा उमाळा आला. खरं तर मला त्या काळच्या कारकुनाची दया आली होती. नोंदीत चूक झाली तर खोडणार कशी?

तर पाहण्यासारखं बोरिवलीला आहेच. पण म्हणून धर्माबादला नाही, हे कुणी ठरवलं? आमच्या गायरानावर पिवळा तरवड फुलतो. तो शेजारच्या तेलंगणाचं राज्यफूल आहे. तिकडे बतुकम्मा सणात मानाने मांडतात, इकडे बकरीसुद्धा तोंड लावीत नाही. आमच्या विजेच्या तारेवर नीलपंख बसतो. तो तेलंगणाचा राज्यपक्षी. उडाला की निळ्या शाईची दौत लवंडल्यासारखं वाटतं. दोन-दोन राजचिन्हं विनातिकीट, विनापरवाना हद्द ओलांडून आमच्या गावी येतात, आणि आम्ही विचारतो, पाहण्यासारखं काय आहे! पाहण्यासारखं नाही असं नाही. पाहणारं नाही.

बोरिवलीहून परतताना गाडीत मला झोप लागेना. चालून पाय दुखत होते हे एक कारण. दुसरं असं, की एक साधा हिशेब डोक्यात बसला होता. तिथल्या वाटेला दार आहे, तिकीट आहे, पहारेकरी आहे. ती वाट राखायला सरकारने माणसं ठेवली आहेत. आमची वाट कोण राखतं? चालणारा! दुसरं कुणी नाही.

मुद्दा नीट कळावा म्हणून आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. बचत खात्यात दोन वर्षं काही देवघेव झाली नाही, की ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं, तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. तरी बरं, वारस कागदपत्रं घेऊन आला तर पैसे परत मिळतात. पायवाट हेही एक खातंच आहे. प्रत्येक पाऊल म्हणजे भरणा. फक्त इथे निष्क्रिय व्हायला दोन वर्षं लागत नाहीत, एक पेरणी पुरते. आणि मग वारसाने कितीही कागद आणले तरी नांगराला ते वाचता येत नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मध्यंतरी वर्षभर माझा नेम चुकला. आधी मार्चअखेर, मग ऑडिट, मग गुडघा, मग निव्वळ आळस. वर्षाने गेलो तर दोन शेतांमधली वाट नाहीशी झालेली! तिथे तूर डुलत होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तूरच होती, आणि चांगली आली होती.

ओढ्याकाठी एक मावशी भेटल्या. पलीकडच्या वस्तीवरच्या. डोक्यावर गवताचा भारा. मी विचारलं, "मावशी, आता कुठून जाता?"

"डांबरीवरून की, बाबा. लांब पडतंय. अन् टिप्परं निस्ती अंगावर येतेत."

"मग तहसीलला अर्ज नाही केला?"

"अर्ज?" त्यांनी भारा सावरला. "त्यो कुणी लिहावा?"

वाचकहो, मी उत्तर दिलं नाही. वीस वर्षं काउंटरवर बसून मी अख्ख्या तालुक्याचे अर्ज लिहून दिले आहेत. पैसे भरायची स्लिप, काढायची स्लिप, वारसाचा अर्ज, पासबुक हरवल्याचा अर्ज. हाही एक लिहिता आला असता. शेतरस्त्यात अडथळा आला तर तो दूर करायचा हुकूम तहसीलदाराला देता येतो, त्यासाठी १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. पण अर्ज सहा महिन्यांच्या आत व्हावा लागतो. तो करायला अडथळा झाल्याचं कळावं लागतं, आणि कळायला तिकडे पाय वळावे लागतात. ज्याला कायदा ठाऊक तो घरी लोळत होता. जिचे पाय त्या वाटेवर होते, तिला कायदा ठाऊक नव्हता. सहा महिने कधीच उलटून गेले होते.

वाणिज्य शाखेत आम्हाला कायद्याचा पेपर असे. त्यातलं आता फारसं आठवत नाही, पण १८८२ चा वहिवाटीच्या हक्काचा कायदा आठवतो. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापर केला तर दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क मिळतो. आणि वीस वर्षं वापरला नाही तर तो मावळतो. इंग्रजाला हे लिहायला अख्खा कायदा लागला. आपल्या भाषेने एका शब्दात सांगून ठेवलं होतं. वहिवाट! जी वाहती ती वाट.

शेजारी बासरला सरस्वतीच्या देवळात लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला नेतात. आमच्या घरच्या सगळ्यांचा 'श्री' तिथलाच. पण अक्षर एकदा गिरवून येत नाही, रोज गिरवावं लागतं. वाटेचंही तसंच आहे. बापूंनी गिरवली, मी वर्षभर पाटी बाजूला ठेवली, आणि पाटी कोरी झाली.

म्हणून माझा राग तूर पेरणाऱ्यावर फारसा नाही. मी त्याला जाऊन भेटलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण त्याने आधी पाणी दिलं, मग बाज टाकली, आणि मग म्हणाला, "साहेब, मी रोज बघतो. कुणी चालतच नाही. एक म्हातारी जायची. मोकळी माती कशाला वाया घालू?"

याला काय उत्तर देणार? माझा राग आहे तो स्वतःला सुशिक्षित म्हणवणाऱ्यांवर, म्हणजे आपल्यावर. गावातली दीडशे पावलांवरची भाजी आणायला आपण स्कूटर काढतो, आणि घरात पट्ट्यावर चालायचं यंत्र आणून त्याच्यावर सदरे वाळत घालतो. वर्षातून एकदा हजारो रुपये भरून सह्याद्रीत जातो, पाठीवर पिशवी, पायांत सहाशे ग्रॅमचा बूट, आणि डोंगरमाथ्यावर उभे राहून निसर्ग वाचवायची शपथ घेतो. घ्या, जरूर घ्या! सह्याद्रीला आपली गरज नसली तरी त्याने आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. पण ज्या वाटेला आपली गरज आहे, ती स्टेशनामागे आहे. तिच्यावर कुणी फोटो काढीत नाही. तिथून फक्त मावशी जातात.

शेवटी त्या शेतकऱ्याशी तडजोड झाली. तूर निघाली की बांधाच्या कडेने हातभर पट्टी सोडायची त्याने कबूल केलं. पण अट घातली. "चालायला पाहिजे, साहेब. पुढच्या पेरणीपर्यंत वाट पडलेली दिसली तर राहू देतो. नाही दिसली तर मी पुन्हा तूर टाकतो."

तो शब्दाला जागला. तुरीनंतर हातभर पट्टी खरोखरच मोकळी राहिली. आयुष्यभर लोकांना मिनिमम बॅलन्सच्या नोटिसा पाठवल्या, आता ती नोटीस मला आली आहे! आणि मी बँकेतला माणूस असल्यामुळे मला हिशेब कळतो. मावशींच्या रोजच्या दोन खेपा आणि माझी महिन्याची एक, एवढ्या भरण्यावर गवत हटत नाही. खातं टिकवायचं तर आणखी पाय हवेत.

तुमच्या गावीही स्टेशन असेल. स्टेशनामागे काहीतरी असेलच. ओढा, गायरान, टेकाड, नाहीतर नुसतीच बाभळीची रांग. एकदा वळसा घालून या. गावनकाशा मिळाला तर सोबत घ्या. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने काढतात आणि पायवाट एकेरी. रेघ तुटक असते ती वाट तुटायची आहे म्हणून नव्हे. मधल्या जागा आपण पावलांनी भरायच्या असतात.

आणि धर्माबादकरांना एक हात जोडून विनंती. दुसऱ्या शनिवारी मी चालताना दिसलो, तर गाडी जरूर थांबवा. फक्त 'बसा साहेब' म्हणू नका. खाली उतरा.