एका विद्यापीठाची सतराशे साठ दारे

आमच्या भाचीच्या मुलीने गेल्या वर्षी बडोद्यात पदवी घेतली आणि पुढचे शिक्षण महाराष्ट्रात, आपल्या भाषेच्या मुलखात करावे असे मनात आणले. ज्या विद्यापीठाकडे तिचा ओढा होता त्याचे नाव येथे घेत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. विभागाच्या संकेतस्थळावर अर्जाची अंतिम तारीख ३० जून होती. मुलगी २४ तारखेला अर्ज भरू गेली तो मुदत संपलेली! प्रवेश कक्षाचे संकेतस्थळ निराळे होते आणि तेथे तारीख २० जून होती. शुल्क भरण्याचे ठिकाण आणखी तिसरेच. “नीट वाचायला नको का?” असे प्रथम आम्हीच तिला खडसावले. रात्री चश्मा लावून तिच्याशेजारी बसलो, तेव्हा आमची चूक आमच्या ध्यानी आली. तीन ठिकाणे, तीन रंग आणि बोधचिन्हेही तीन, त्यांतले एक तर केव्हाच बदललेले. ही पाने एकाच संस्थेची आहेत हे सांगणारी खूण कोठेही नव्हती. दुसऱ्या दिवशी विभागात दूरध्वनी केला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, “आमचे पान जुने आहे, हे इथे सर्वांना ठाऊक आहे.”

सर्वांना म्हणजे कोणाला? त्या गावात राहणाऱ्यांना, विभागाच्या व्हरांड्यात उठबस असणाऱ्यांना. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते कसे ठाऊक असावे? जवळच्याला सूचनाफलक असतो, ओळखीचा शिपाई असतो. दूरच्याला संकेतस्थळ हेच महाद्वार. मुलीचे वर्ष त्या दाराशी गेले.

विद्यापीठाच्या सर्व संकेतस्थळांना एक मानक असावे असे म्हटले की विद्वान मंडळी विभागांच्या स्वायत्ततेचा झेंडा उभारतात. प्रत्येक विद्याशाखेची प्रकृती वेगळी, तिला एका साच्यात कोंबू नये, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. रसायनशास्त्र विभागाने आपली पदवी-प्रमाणपत्रे स्वतःच्या आवडीच्या कागदावर छापावीत, किंवा इतिहास विभागाने गुणपत्रिकेचे रकाने आपल्या प्रकृतीनुसार आखावेत, असे कोणी म्हणत नाही. तेथे एकरूपता हवी, कारण तो कागद परक्याच्या हाती जाणार असतो. मग ज्या पानावर परकाच प्रथम येतो ते पान तेवढे मोकाट का?

आमची हयात महसूल खात्यात गेली. मुंबई इलाख्यापासून चालत आलेले गाव नमुने सात व बारा आज महाराष्ट्रात आणि गुजरातेत, दोन्हीकडे वापरात आहेत. भूमापन क्रमांक कोठे, खातेदाराचे नाव कोठे, पीक कोठे, हे शेतकरी नजरेनेच ओळखतो. नमुना एक असल्याने कोणत्या तालुक्याची अस्मिता बुडाल्याचे आम्ही ऐकले नाही. कबूल करतो, नोकरीच्या आरंभी वरून नवा नमुना आला की आम्हीही कुरकुरत असू. पण ती कुरकुर आमच्या सोयीची होती, तत्त्वाची नव्हती. प्राध्यापकांच्या स्वायत्ततेतही हा अंश किती, हे त्यांनीच तपासावे.

बडोदेकरांना तर हे सांगण्याची गरज पडू नये. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांस ग्रंथालयांच्या कामासाठी आणले. बॉर्डन यांनी वर्गीकरणाची पद्धत आखली आणि खेड्यापाड्यांकडे ग्रंथांच्या फिरत्या पेट्या निघाल्या. १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील कोश निघाला, तो राज्यकारभारात एका गोष्टीला एकच नेमका शब्द असावा म्हणून. त्याही आधी शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ झाला होता. परंपरेची भाषणे करणाऱ्यांनी तिच्यातला हा शिस्तीचा भागही उचलावा.

मात्र एकरूपतेच्या नावाखाली बहुधा जे केले जाते त्याला आमचा तितकाच विरोध आहे. नवे कुलगुरू येतात, एका कंत्राटदारास काम दिले जाते, आणि सर्व पानांना एक रंग, वर सरकती छायाचित्रे व उद्‌घाटन-समारंभ बहाल होतो. त्याखाली २०१९ सालच्या सूचनेपुढे ‘नवीन’ हा शब्द अजून लुकलुकत असतो. ही रंगसफेदी झाली. तिच्यात जुन्या पानांचे पत्तेही मोडतात, आणि दहा वर्षांपूर्वीचा निकाल वा अभ्यासक्रम शोधणाऱ्यास ‘पान सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळते. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते की एकदा दिलेला पत्ता बदलू नये. आपण मात्र दर कुलगुरूंगणिक घर बदलतो आणि टपालखात्यासही कळवत नाही.

खरे मानक दिसण्याचे नसून वागण्याचे असते. सर्व पाने विद्यापीठाच्या एकाच मूळ पत्त्याखाली असावीत. तारीख, शुल्क, पात्रता ही माहिती एकाच ठिकाणी लिहावी आणि इतर पानांनी तिची नक्कल न करता तिच्याकडे दुवा द्यावा. एवढा एक नियम असता तर आमच्या मुलीचे वर्ष वाचले असते. प्रत्येक पानाखाली ते कधी सुधारले आणि कोणत्या पदाधिकाऱ्याच्या जबाबदारीचे आहे, हे लिहावे. ज्याला धनी नाही ते पान शिळे होणारच. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. १९९१ पासून तेथे देवनागरीची सोय आहे, तरी कित्येक परिपत्रके अजून जुन्या टंकांत असतात, जी दुसऱ्याच्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उमटतात. ह्या मर्यादेत राहून पुरातत्त्व विभागाने नाणी मांडावीत, मराठी विभागाने पोथ्या मांडाव्यात. त्यांच्या आतल्या दालनात कोणी डोकावू नये.

आणि अंधांचे काय? शिक्का-सहीचे परिपत्रक चित्ररूपाने टाकले की पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली त्यापुढे मुकी होते. आंतरराष्ट्रीय सुगमता-मानकांची दुसरी आवृत्ती २००८ ची आहे. तिच्या मधल्या पातळीनुसार सामान्य मजकुराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते, आणि आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ इतर मजकुराशेजारी सरकणारी पट्टी थांबवण्याची सोय द्यावी लागते. साठी ओलांडलेल्या आमच्या डोळ्यांनाही ह्याचे महत्त्व कळते. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली; तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याखालील सुगमतेचा नियम केवळ शिफारसवजा असल्याने मूळ कायद्याशी विसंगत ठरतो, असा निर्णय राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आणि सक्तीचे नियम करण्यास केंद्रास सांगितले. तेव्हा ‘आमच्या सवडीने पाहू’ ही भाषा आता विद्यापीठांना शोभत नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर २००५ पासूनच स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे व ती दरवर्षी अद्ययावत ठेवण्याचे बंधन घालते.

आमच्या वाचकांपैकी काहींची नावे महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या नोंदणीकृत पदवीधरांच्या यादीत असतील, त्यांच्या मतांवर अधिसभेचे सदस्य निवडून येतात. मते मागण्यास येणाऱ्यांस त्यांनी हा एकच प्रश्न विचारावा की, ह्या वर्षीची प्रवेशाची तारीख आपल्या विद्यापीठात किती ठिकाणी लिहिली आहे?

आम्ही संबंधित कुलसचिवांस सविस्तर पत्र लिहिले आहे. ते नोंदणीकृत टपालाने पाठवावे लागले, कारण त्यांच्या कार्यालयाचे विरोपाचे पत्ते दोन पानांवर दोन निघाले, आणि दोन्हीकडून आमचे पत्र परत आले.