म्हातारचळ नव्हे, आजार!

म्हातारी जेवून उठते आणि घटकाभरात शेजारणीच्या दारात जाऊन सांगते, "सकाळपासून पोटात अन्न नाही गं." शेजारीण सुनेकडे वाकड्या नजरेने पाहते. दुसऱ्या दिवशी चाळभर होते, सासूला उपाशी ठेवतात! जी सून चार घास भरवून, लुगडे बदलून, मग कामावर पळते तिच्या वाट्याला ही बदनामी. आमच्या वस्त्यांतून अशी घरे आम्ही बरीच पाहिली आहेत.

कोणी म्हणतो म्हातारचळ, कोणी म्हणतो साठी बुद्धी नाठी, कोणी बाहेरचे आहे म्हणून भगताकडे नेतो. तिन्ही चूक. हा मेंदूचा आजार आहे. याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. डॉ. अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली तो प्रथम मांडला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण अधिक आढळले.

म्हणून आधी डॉक्टर. प्रत्येक विसराळूपणा म्हणजे हा आजार नव्हे. थायरॉईड बिघडणे, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडणे, मनाची उदासी, चुकीची औषधे यांनीही माणूस विसरतो, आणि त्यावर उपचार होतात. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही, पण काहींना गोळ्यांनी काही काळ आधार मिळतो. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणेही जरुरीचे आहे. आई अडाणी आहे, तिची परीक्षा कशी घेणार, असे म्हणून थांबू नका. निरक्षर वृद्धांसाठी वेगळी प्रश्नावली हरियाणातील बल्लभगढ भागात तयार झाली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली.

घरात वागावे कसे? आमच्या परिचयाचे एक वृद्ध गिरणी कामगार पहाटे चारला उठून डबा मागत. पहिली पाळी गाठायची असे! १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. मुलगा ओरडे, "गिरणी कधीच बंद पडली!" मग बाप चिडे, दार उघडून रस्त्यावर जाई. पुढे मुलाने वाद सोडला. तो चहा ठेवी आणि विचारी, "बाबा, तुमच्या खात्यात साचे किती होते?" बाप सांगत बसे, उजाडे, डबा विसरून जाई. असेच वारलेल्या बायकोबद्दल. ती गेली हे रोज सांगितले, तर त्या माणसाला रोज नव्याने रडावे लागते. त्यापेक्षा तिच्या आठवणी काढाव्यात. दाराला वरची कडी लावावी, रॉकेल, गोळ्या, विळी हाताशी ठेवू नयेत, आणि खिशात नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

आता कारकुनी सल्ला. साधे मुखत्यारपत्र केले की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. परंतु करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की ते मुखत्यारपत्र संपते. मृत्युपत्रही शुद्धीत असतानाच करावे लागते. म्हणून आजाराच्या सुरुवातीलाच, त्यांना समजते आहे तोवर, त्यांच्याच इच्छेने खाते जोडीने करावे, वारसाचे नाव नोंदवावे, पेन्शनची कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत. भान नसलेल्या बापाचा अंगठा उठवून पैसे काढणे ही सेवा नव्हे, फसवणूक आहे.

शेवटचा मुद्दा आमच्या बंधूंसाठी. आई तुमची आणि रात्री जागते बायको, हा कुठला न्याय? समतेच्या गोष्टी सभेत करायच्या आणि आईचे ओले अंथरूण सुनेने एकटीने धुवायचे, हे आम्हाला मान्य नाही. भावाभावांनी रात्री वाटून घ्याव्यात. दूर राहणाऱ्याने पैसा द्यावा, सुट्टीत येऊन आठ दिवस भार उचलावा. बहिणीनेही सल्ला देण्याऐवजी एक दुपार बसावे, म्हणजे वहिनीला डोळा लागेल. सेवा करणारी थकली, तर सेवाही थांबते.

महिला मंडळांनी अशा घरांची यादी करावी आणि आठवड्यातून दोन तास पाळीने तिथे बसावे. सरकारचा ज्येष्ठांसाठीचा फोन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ भिंतीवर लिहून ठेवावा. आणि पुढच्या वेळी कोणी म्हातारी दारात येऊन "मला जेवायला दिले नाही" म्हणाली, तर तिला बसवा, घोटभर चहा द्या, आणि सुनेला विचारा, "बाई, तू जेवलीस का?"