सवलत घेण्यात कमीपणा कसला?

फेब्रुवारी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज कोरोनेस 50 मीटर फ्रीस्टाइल 56.12 सेकंदांत पोहले आणि 100 ते 104 वर्षांच्या गटात जागतिक विक्रम झाला. गंमत म्हणजे, तेव्हा ते 99 वर्षांचे होते! मास्टर्स जलतरणात, म्हणजे 25 वर्षांपुढच्यांच्या स्पर्धांत, त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला तुमचं जे वय असेल ते धरलं जातं. कोरोनेस त्याच वर्षी शंभरी गाठणार होते, म्हणून ते वरच्या गटात गेले.

नियमांमागे शरीराचा विचार असतो, तो असा. या स्पर्धांत गट पाच-पाच वर्षांचे असतात. नियमित पोहणाऱ्यांचा वेग सत्तरीपर्यंत हळूहळू घटतो, त्यानंतर मात्र झपाट्याने. सत्तरीच्या माणसाला ऐंशीच्या माणसाशी भिडवणं म्हणूनच अन्यायाचं ठरतं.

या खेळातले नियमबदल दोन वाटांनी येतात. पहिली वाट अव्वल स्पर्धांतून खाली येणारी. 2009 च्या रोम जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले आणि 2010 पासून पॉलियुरेथेनच्या पोशाखांवर बंदी आली. बॅकस्ट्रोकमध्ये पाण्याखालून जाण्यावर 15 मीटरची मर्यादा आहे. 2023 पासून शेवटच्या पाच मीटरमध्ये पूर्ण बुडून भिंतीला हात लावण्याची मुभाही मिळाली.

दुसरी वाट खास मास्टर्सची. इथे सुरुवात ठोकळ्यावरून, तलावाच्या काठावरून किंवा थेट पाण्यातून भिंतीला रेटा देऊन करता येते. बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. उंच ठोकळ्यावर वाकून उभं राहताना तोल जाऊ शकतो. झिजलेल्या मानेला सूर मारताना बसणारा हिसका धोक्याचा असतो. डॉल्फिन किकमध्ये कंबर पुन्हा पुन्हा मागे वाकते. ज्यांचे मणके कुरकुरतात, त्यांना या सवलतींमुळे शर्यत सोडावी लागत नाही. मात्र ब्रेस्टस्ट्रोकच्या किकचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. त्यामुळे कंबर वाचवायची की गुडघा, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

माझा आक्षेप नियमांवर नाही, ते वापरण्यातल्या आपल्या संकोचावर आहे. आपल्याकडे पहाटे तलावावर नेमाने येणारे अनेक आजी-आजोबा स्पर्धेच्या दिवशी मात्र ‘पाण्यातून सुरुवात केली तर लोक काय म्हणतील’ म्हणून ठोकळ्यावर चढतात. उलट, अव्वल खेळाडूंसाठी आलेली मुभा सक्तीची असल्यासारखी अंगावर घेतात. 15 मीटर ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत श्वास कोंडून जायलाच हवं असं नाही. बुडून शेवट करण्याचंही तसंच.

यात धोका खरा आहे. शर्यतीआधी भराभर खोल श्वास घेतले, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची निकड मेंदूला त्या वायूमुळे जाणवते. ती सूचना उशिरा येते, तोवर ऑक्सिजन घटून पाण्याखाली शुद्ध हरपू शकते. हे धडधाकट तरुणांच्याही बाबतीत घडतं, मग हृदयविकार असलेल्यांनी किती जपायला हवं!

म्हणून संयोजकांनी प्रत्येक शर्यतीपूर्वी या सवलती ध्वनिक्षेपकावरून मराठीत सांगाव्यात. प्रशिक्षकांनी सरावातच पाण्यातून सुरुवात करायला शिकवावं. आणि पोहणाऱ्यांनी नियमपुस्तिका स्वतः वाचावी. जपानच्या मिएको नागाओका 2015 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी 1500 मीटर पोहल्या. त्यांना सव्वा तासाहून अधिक वेळ लागला, तरी ती शर्यत पूर्ण झाली आणि विक्रम म्हणून नोंदली गेली. मास्टर्समध्ये पुढच्या वयोगटात पोहोचणं हेही यशच असतं. त्यासाठी मान, कंबर आणि हृदय शाबूत राहायला हवं.