दुष्काळाचे दफ्तर आणि कोयत्याची वाट

दीपावलीचा हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर निरवानिरव सुरू झालेली असेल. मुकादमाकडून घेतलेली उचल खर्ची पडलेली, म्हातारी माणसे घर राखावयास मागे राहिलेली, आणि ज्यास ऊसतोडीच्या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात ते नवराबायकोचे जोडपे पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याच्या वाटेस लागलेले.

ही वाट १९७२ च्या दुष्काळाने रुंद केली. त्यानंतर २०१२, २०१४, २०१५, २०१८ अशी अवर्षणाची साले जवळजवळ येऊ लागली. २०१६ मध्ये तर लातूरकरांस मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा मुलखात उचल हाच कोरडवाहू शेतकऱ्याचा खरा पीकविमा होय. त्याचा हप्ता मात्र तो अंगमेहनतीने फेडतो, आणि एका दिवसाचा खाडाही परवडत नाही म्हणून बायका गर्भाशय काढून घेतात की काय, याचा शोध घेण्यासाठी २०१९ साली राज्य शासनास समिती नेमावी लागली. रोजगार हमीचा कायदा देशात प्रथम, १९७७ साली, करणारे राज्य हेच. परंतु हमीची मजुरी काम झाल्यावर मिळते, मुलीचे लग्न आणि सावकाराचा तगादा तोवर थांबत नाहीत.

केंद्र शासनाने २००८ मध्ये सिद्ध केलेल्या हवामान बदलाच्या राष्ट्रीय कृतियोजनेत सौर ऊर्जेपासून हिमालयापर्यंत आठ अभियाने आहेत. स्थलांतराचे एकही नाही. उलटपक्षी स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली झालेला कायदा हवामानाविषयी मुका होता, आणि बेळगावकडे गेलेल्या कोयत्यास ओळखणारा तो कायदा कोल्हापुरास गेलेल्या त्याच्या सख्ख्या भावास ओळखीत नव्हता. दुष्काळ महसूल खात्याचा, मजूर कामगार खात्याचा, ऊस साखर आयुक्तांचा, अशी ही वाटणी आहे. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात निघते. जे गाव तिने मोजावयाचे ते तोवर अर्धे रिकामे झालेले असते.

म्हणून गाळपाचा परवाना देतानाच कारखान्याकडून मजुरांची गाववार यादी घेतली जावी, शिधा, शाळा व दवाखाना यांसाठी तीच ग्राह्य धरावी, आणि गाव सोडून गेलेल्या कुटुंबांची संख्या हा दुष्काळाचा एक निकष मानावा. आमच्या वाचकांत कारखान्यांचे सभासद पुष्कळ आहेत. येत्या वार्षिक सभेत त्यांनी यादीचा ठराव मांडावा, एवढी आमची त्यांस विनंती आहे.