विश्लेषण : शाळेत मतदान झाले, मंत्रीही ठरले; पण मुलांचे ऐकणार कोण?

पावसाळा सुरू झाला की जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत निवडणुकीचे वारे वाहू लागतात. उमेदवारी अर्ज, चिन्हे, प्रचार, बोटाला शाई आणि मतदान यंत्र म्हणून गुरुजींचा मोबाइल. निकालानंतर मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री शपथ घेतात. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. लोकशाहीचा हा पहिला धडा चांगलाच आहे. प्रश्न आहे तो पुढच्या आठ-नऊ महिन्यांचा.

मंत्र्यांच्या वाट्याला काय येते?

बहुतेकदा कामे. परिपाठाच्या रांगा लावणे, नखे तपासणे, कचरा उचलून घेणे. त्यातून जबाबदारी कळते, पण ही कामे मोठ्यांनीच ठरवलेली असतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही म्हणून चौथीतली मुलगी दिवसभर पाणी पीत नसेल, तर ते सांगण्याची जागा या मंत्रिमंडळात असते का? नसेल, तर ती केवळ हौशी निवडणूक ठरते.

नियम काय सांगतात?

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील कलम 12 नुसार, मुलांशी संबंधित बाबींत त्यांना मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचे आहे. भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला. शिक्षण हक्क कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. महाराष्ट्रात या समितीत विद्यार्थ्यांनाही स्थान आहे. म्हणजे दार उघडे आहे, मुलांना आत बोलावून बोलते करणे बाकी आहे.

‘शोभेचा सहभाग’ म्हणजे काय?

रॉजर हार्ट या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर, सजावट आणि नावापुरते प्रतिनिधित्व यांना, त्याने सहभाग मानलेच नाही. शपथविधीनंतर एकही बैठक न होणारे मंत्रिमंडळ याच पायऱ्यांवर अडकलेले असते.

इतक्या लहान मुलांना जमेल का?

‘मुले रोज सुट्टी आणि चॉकलेट मागतील,’ अशी शंका घेतली जाते. राजस्थानातील तिलोनिया येथे बेअरफूट कॉलेजच्या रात्रशाळांमधील मुलांनी 1990 च्या दशकातच बालसंसद चालवून दाखवली. दिवसा गुरे राखणारी ही मुले प्रतिनिधी निवडत आणि आपल्या शाळांच्या कामावर लक्ष ठेवत. पहिली-दुसरीच्या मुलांना भाषण जमणार नाही. पण शाळेत कुठे भीती वाटते, हे ती चित्रातून नक्की दाखवू शकतात.

मग काय बदलायला हवे?

• महिन्यातून एक बैठक, ठरलेल्या दिवशी. प्रतिनिधींनी आधी वर्गात विचारून यावे.

• प्रत्येक मागणीची वहीत नोंद आणि पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांचे उत्तर. ‘नाही’ हेही उत्तर चालेल, पण कारणासह.

• काही निर्णय पूर्णपणे मुलांचे. खेळाच्या तासाला काय खेळायचे, स्नेहसंमेलनाचा विषय कोणता, वाचनालयात कोणती पुस्तके हवीत.

• दरवर्षी हुशार आणि बोलकी मुलेच निवडून येऊ नयेत, म्हणून काही जागा चिठ्ठ्या टाकून.

• मारहाण, छळ अशा तक्रारी बैठकीत नकोत. त्यासाठी तक्रारपेटी आणि विश्वासातील शिक्षक हवेत.

यासाठी फारसा निधी लागत नाही. लागतो तो महिन्यातला एक तास आणि मुलांपुढे उत्तर देण्याची मोठ्यांची तयारी. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. कारण मुलांना प्रश्न विचारायला शिकवले, की ती पोषण आहाराच्या खिचडीबद्दलही विचारतात आणि रिकाम्या तासाबद्दलही.

पुढच्या वर्षी पुन्हा मतदान होईल. त्याआधी यंदा किती मागण्या आल्या आणि किती पूर्ण झाल्या, हे शाळेच्या फलकावर लिहिले जावे. आपण मत कशासाठी देतो, हे छोट्या मतदारांना त्यातूनच कळेल.