आयते बिऱ्हाड

आमच्या खात्यात बदली म्हणजे पणजीहून वाळपई, नाहीतर फार तर काणकोण. ऑर्डर हातात पडली की पहिली चौकशी कदंबाच्या शेवटच्या बसची. माणूस हलतो, घर हलत नाही, आणि रात्री उशिरा का होईना, जेवायला माणूस आपल्याच पाटावर येतो. त्यामुळे 'रिलोकेशन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो भाचीच्या तोंडून.

ती बेंगळुरूला एका परदेशी बँकेच्या संगणक विभागात होती. २०२४ साली बँकेने तिला सिंगापूरला पाठवले. पहिले तीस दिवस राहण्याची सोय बँकेची, 'सर्व्हिस्ड अपार्टमेंट'मध्ये. तेवढ्या दिवसांत तिने स्वतःचे भाड्याचे घर शोधायचे. ताईला मुलीचे बस्तान बसवून द्यायचे होते, पण एकटीने विमानात बसण्याची तिची तयारी नव्हती. म्हणून मी अर्जित रजा टाकली. सरकारी नोकराला परदेशी जायचे तर खात्याचा ना-हरकत दाखला लागतो. त्या अर्जात मुक्काम कुठे ते लिहायचे होते. मी अडलो. हॉटेल म्हणावे तर ते हॉटेल नव्हे, नातेवाइकाचे घर म्हणावे तर ते घरही नव्हे. मराठीत 'बिऱ्हाड' असा नेमका शब्द आहे, पण अर्ज इंग्रजीत होता!

तर ते बिऱ्हाड कसे होते ते सांगतो. एक झोपायची खोली, एक बैठकीची, आणि कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. विजेची शेगडी, फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र, चार ताटे, चार पेले, दोन पातेली. चादरी बदलायला आणि झाडपूस करायला ठरलेल्या दिवशी बाई येणार. वीज, पाणी, इंटरनेट सगळे भाड्यातच. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो. इथे पाठीवर काही घ्यायचेच नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी आत शिरा आणि संसार सुरू करा.

सिंगापूरला हा धंदा जुना आहे. ॲस्कॉट कंपनीने १९८४ साली तिथे अशी पहिली इमारत उघडली. आज जगभरच्या मोठ्या शहरांत अशा इमारती आहेत. याची गरज का पडते ते मला तिथल्या भाडेकराराचे कागद वाचल्यावर कळले (कागद वाचणे हाच आपला धंदा). तिथे खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देताच येत नाही. २०१७ पर्यंत ही अट सहा महिन्यांची होती. सरकारी गृहमंडळाच्या सदनिकांना ती अजूनही सहा महिन्यांची आहे. सर्व्हिस्ड अपार्टमेंटला मात्र सातच दिवसांची. प्रत्यक्षात घरमालक वर्षाचा किंवा दोन वर्षांचा करार मागतात, अनामत मागतात आणि कामाचा परवाना दाखवा म्हणतात. करारावरचे मुद्रांक शुल्क भाडेकरूने भरायचे. नोकरी गेली किंवा बदली झाली तर वर्षभरानंतर दोन महिन्यांची सूचना देऊन सुटता यावे म्हणून एक कलम घालून घ्यावे लागते, त्याला तिथे 'डिप्लोमॅटिक क्लॉज' म्हणतात. काल विमानातून उतरलेल्या माणसाला हे सगळे एका दिवसात कसे जमणार? म्हणून हे मधले बिऱ्हाड.

हे सगळे पटले तरी पहिले तीन दिवस माझे मन काही तिथे लागले नाही. कॉरिडॉरमध्ये दहा-बारा दारे, एकावरही नाव नाही. लिफ्टमध्ये भेटणारा माणूस मान डोलावतो आणि मोबाईलमध्ये बघतो. शेजारी साखर मागायला जायची सोय नाही, कारण साखर खालच्या दुकानातून फोनवर येते. मी भाचीला म्हटले, "यापेक्षा आपल्या लोकांची मुंबईतली कूड बरी गं!"

कूड म्हणजे काय ते गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. तरी तरुण मंडळींसाठी दोन वाक्ये. बोटीवर नोकरी धरायला किंवा मुंबईत काम शोधायला निघालेल्या आपल्या ख्रिस्ती बांधवांसाठी गावागावांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत खोल्या घेतल्या, त्या कुडी. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, रात्री जमिनीवर अंथरूण, गावच्या संताची मूर्ती आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. भाडे नाममात्र. बोट मिळेपर्यंत रहा, बोटीवरून उतरलात की परत या. हिंदू गोवेकरांचे निराळे. ते गिरगावात कुणा नातेवाइकाच्या पडवीत नाहीतर खानावळीच्या आधाराने दिवस काढत. पण दोन्हीकडे गोष्ट एकच. नवख्या माणसाला गाव सांगितला की जागा मिळे.

माझे बोलणे भाचीने ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, त्या कुडीत मला घेतले असते?"

नसते घेतले. कुडी पुरुषांच्या. गिरगावातल्या पडवीतही पंचविशीतली एकटी मुलगी कुणी ठेवून घेतली नसती. आणि घेतली असती तर रात्री किती वाजता आली आणि कुणाबरोबर आली, हे आठ दिवसांत फोंड्याला पोचले असते. मी गप्प बसलो.

चौथ्या दिवसापासून घर बघायला सुरुवात केली. ती एजंटांना फोन करी, मी आणि ताई समोर बसून ऐकत असू. मला वाटले होते पहिला प्रश्न पैशाचा असेल. तसे झाले नाही. दोघा-तिघांनी आधी विचारले, "इंडियन का?" मग, "स्वयंपाक करणार? रोज? फोडणीचा?" एकाने सरळ सांगितले की मालकाला भारतीय भाडेकरू नको आहेत. तोही उद्धटपणाने नव्हे, आपण 'आज मासळी संपली' म्हणतो तितक्या सहज. हे काही आमच्याच नशिबी आले असे नाही. तिथल्या घरभाड्याच्या जाहिरातींत 'भारतीय नकोत, चिनी नागरिक नकोत' असे लिहिले जाते, यावर बीबीसीने २०१४ सालीच बातमी दिली होती. नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध सिंगापूरच्या संसदेने २०२५ च्या जानेवारीत कायदा संमत केला. तो घरमालकांना लागू नाही.

त्या संध्याकाळी ताईने टेक्का मार्केटातून बांगडे आणले. तिरफळे तिने गोव्याहून बॅगेत घालून आणलीच होती. बांगड्याचे हुमण झाले. वास कॉरिडॉरभर गेला असणार. ताई सारखी दाराकडे बघत होती, कुणी येऊन बोलेल म्हणून. कुणी आले नाही. दुसऱ्या दिवशी झाडपूस करायला आलेल्या बाईने पातेली जागच्या जागी लावली, चादरी बदलल्या आणि हसून गेली. दिवसभर फोनवर जी गोष्ट अपराधासारखी विचारली जात होती, ती इथे कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

माझे मत बदलले ते तेव्हा. दारावर नाव नाही, शेजारी विचारपूस करत नाही, म्हणून मी ज्या जागेला नावे ठेवत होतो, तिचा मोठा गुण तोच होता. तिथे कुणी 'तुम्ही कुठले' असे विचारत नाही. गाव, धर्म, लग्न झाले की नाही, मासळी खाता की नाही, काही नाही. भाचीला त्या तीस दिवसांत चादरींची आणि वायफायची फारशी किंमत नव्हती. किंमत होती ती या न विचारण्याची. विसाव्या दिवशी तिला घर मिळाले. घरमालकीण एक तमिळ शिक्षिका. तिलाही माणूस स्वयंपाक करणाराच हवा होता!

पण ही न विचारण्याची सोय फुकट नाही, आणि सगळ्यांना नाही. त्याच सिंगापुरात इमारती बांधायला आपल्या देशातून आणि बांगलादेशातून गेलेले कामगार आहेत. त्यांचेही 'रिलोकेशन'च. ते वसतिगृहांत राहतात. २०२० साली करोना त्या गर्दीच्या खोल्यांतून पसरला तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले. त्यानंतर नव्या वसतिगृहांसाठी एका खोलीत जास्तीत जास्त बारा जण, असा नियम २०२१ मध्ये झाला. एकाला बँक बिल भरते म्हणून प्रश्न नाहीत. दुसऱ्याला बारावा हिस्सा. दारात प्रश्न न विचारले जाणे हा जर माणसाचा मान असेल, तर तो कंपनीच्या पगारपत्रकावर का अवलंबून असावा, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

असो. सिंगापूरला नावे ठेवून मी मोकळा होणार होतो. पण घरी परतल्यावर एक गोष्ट आठवली, ती लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

आमच्या घराच्या मागे दोन खोल्या आहेत. २०२३ साली त्या भाड्याने द्यायच्या होत्या. एक जोडपे आले. तो इथल्या कारखान्यात, ती शिवणकाम करणारी. मी त्यांना काय विचारले? भाडे नंतर. आधी विचारले, "तुम्ही कुठले?" मग आडनाव. आडनाव ऐकून म्हटले, "बघतो, घरात विचारून सांगतो." घरात मी कुणाला विचारले नाही. फोनही केला नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती मी खुशाल दिली असती. पण माझा प्रश्न पोलिसांसाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

आणि मी कोण? माझे आजोबा मुंडकार. भाटकाराच्या भाटात झोपडी, आणि छपराची झावळे बदलायची तरी भाटकाराच्या अंगणात हात बांधून उभे राहायचे. १९७५ चा मुंडकार कायदा आला म्हणून आज त्या जागेवर आमचे पक्के घर आहे आणि मागे भाड्याला द्यायला दोन खोल्या आहेत. आजोबांनी ज्या अंगणात मान खाली घातली, तसलेच अंगण मी दोन पिढ्यांत उभे केले. फरक इतकाच की भाटकार मी झालो.

परदेशात आपल्या मुलामुलींना कुणी 'इंडियन का?' विचारले की आपल्याला झोंबते. झोंबायलाच हवे. पण फोंड्यात, म्हापशात, मडगावात बिऱ्हाड शोधत फिरणाऱ्या माणसाला आपण जे विचारतो, त्याचे काय? त्याच्या मागे बिल भरणारी बँक नसते. त्याला आपल्याच दारात उभे राहावे लागते.

त्या मागच्या खोल्या जूनपासून पुन्हा रिकाम्या आहेत. बायकोला सांगून ठेवले आहे, कुणी आले तर भाडे सांग, नळाची वेळ सांग, आणि चहा विचार. बाकी काही विचारू नकोस. ती म्हणाली, "मी कधी विचारत होते?"