कुंडीतली बोगनवेल

मेडशीच्या उन्हाळ्यात पाणी जपून वापरायचं, मग शोभेचं झाड कशाला, असं काकू विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण बोगनवेलीला लागू नाही. रोज पाणी ओतलं की तिची नुसती पानं माजतात. कुंडीला भोक नसेल तर मुळंही कुजतात. आपल्या वऱ्हाडातले संत्रावाले बागेला ताण देऊन बहर धरतात ना? तसंच हिचं. वरची दोन बोटं माती सुकली, की मगच पोटभर पाणी. ऊन मात्र दिवसभर हवं. (तो गुलाबी रंग पानांचा बरं का, खरं फूल आत, इवलंसं पांढरं.) छाटणी बहर ओसरल्यावर.

पाण्याची खरी उधळपट्टी रोज सकाळी पाइप धरून अंगण धुणाऱ्यांची! हिला भाजी धुतलेलं पाणीही चालतं. काकू, एक कुंडी पाठवू का?